इन्व्हर्टर घेण्याआधी पंखे मोजा

इन्व्हर्टरच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'वन बीएचके की टू बीएचके?' तुम्ही टू बीएचके म्हणालात की दोन मिनिटांत उत्तर तयार. 900 व्हीएचा इन्व्हर्टर (तो किती भार उचलेल त्याचं माप), 150 एएचची बॅटरी (तिच्यात किती वीज मावेल त्याचं माप) आणि वर 'डोळे झाकून घ्या'. हे उत्तर बऱ्याचदा चुकीचं नसतं, पण विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. खोल्या वीज खात नाहीत, खोल्यांतली उपकरणं खातात. एका टू बीएचकेत आजी-आजोबा दोघंच राहतात आणि रात्री एकच पंखा चालतो. दुसऱ्यात तीन पंखे, टीव्ही, दोन लॅपटॉप आणि राउटर. दोघांना एकच सामान का विकायचं?

म्हणून हा लेख दुकानाच्या उलट्या क्रमाने जातो. आधी वीज किती वेळ जाते ते पाहायचं, मग वॅट मोजायचे, मग पंख्यांकडे वळायचं आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. या क्रमाने गेलात तर बहुतेक घरांना वाटते त्यापेक्षा लहान बॅटरी पुरते.

आधी ठरवा: इन्व्हर्टर हवाच आहे का?

मुंबईतल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये महिन्यातून एखाद वेळी अर्धा तास वीज जात असेल, तर वीस-पंचवीस हजार रुपये आणि पन्नास-साठ किलोचं धूड घरात आणण्यात अर्थ नाही. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी काही तास वीज जाते, पण त्या वेळी घरात कुणी नसेल तर तीही गैरसोय फारशी जाणवत नाही. अशा घरांना दोन वस्तू पुरतात.

पहिली, चार्ज होणारे एलईडी बल्ब. नेहमीच्या होल्डरमध्ये बसतात, वीज असताना आतली छोटी बॅटरी भरून घेतात आणि वीज गेली की आपोआप पेटतात. एक स्वयंपाकघरात, एक बाथरूमच्या बाहेर. खोक्यावर चार तास लिहिलेलं असेल तर तीन धरा.

दुसरी, राउटरसाठी मिनी यूपीएस. वायफायचा डबा जेमतेम 10-12 वॅट घेतो, त्यामुळे हाताच्या पंजाएवढं यंत्र तो तीन-चार तास चालवतं. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचं बारीक अक्षरातलं 'आउटपुट' वाचा. तिथे 12 व्होल्ट 1 अ‍ॅम्पिअर, 12 व्होल्ट 2 अ‍ॅम्पिअर किंवा 9 व्होल्ट असं काहीतरी असतं. मिनी यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत. अ‍ॅम्पिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन आउटपुट असलेला घ्या, नाहीतर एक चालू आणि एक बंद अशी गंमत होते. आणि पैसे देण्याआधी ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे अशा शेजाऱ्यांना विचारा की वीज गेल्यावर त्यांचं नेट चालतं का. काही केबलवाल्यांचा स्विच खांबावर किंवा एखाद्या गच्चीवर विजेवर चालतो. परिसराची वीज गेली की तोही झोपतो, मग तुमच्या घरातला राउटर जागा राहून उपयोग नाही.

रोज किंवा दिवसाआड तासभर तरी वीज जात असेल, घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल, किंवा घरूनच काम चालत असेल, तर पुढे वाचा.

कागद, पेन आणि वॅट

वीज गेल्यावर नक्की काय चालू हवं, तेवढंच लिहा. 'असलं तर बरं' वाल्या वस्तू वेगळ्या. साधारण आकडे असे: एलईडी बल्ब 9 वॅट, एलईडी ट्यूब 20, राउटर 12, लॅपटॉप चार्ज होताना 45 ते 65, 43 इंची टीव्ही 80 च्या आसपास, छताचा साधा पंखा पूर्ण वेगावर 75. बाकीचे आकडे उपकरणाच्या मागच्या पट्टीवर सापडतात.

गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, एसी आणि पाण्याचा पंप यादीत घालूच नका. मिक्सरही नको, चटणी वीज आल्यावर वाटता येते. फ्रिजचं प्रकरण जरा फसवं आहे. चालू असताना तो दीडशे-दोनशे वॅटच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि लहान इन्व्हर्टर 'ओव्हरलोड' म्हणून बंद पडतो. दार न उघडता ठेवलेला फ्रिज तीन-चार तास आरामात थंड राहतो. त्याला इन्व्हर्टरवर घेण्याचा हट्ट सोडलेला बरा.

आता एका नेहमीच्या घराचा हिशेब बघू. तीन साधे पंखे 225 वॅट, चार बल्ब 36, राउटर 12, टीव्ही 80. एकूण 353 वॅट.

बॅटरीत वीज किती मावते, हे काढायला व्होल्ट गुणिले एएच करा. 12 व्होल्टची 150 एएच बॅटरी म्हणजे 1800 वॅट-अवर, विजेच्या बिलाच्या भाषेत 1.8 युनिट. पण एवढे सगळे हाती लागत नाहीत. काही इन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जातात. शिवाय बॅटरीवरचा 150 हा आकडा बहुधा 20 तास हळूहळू वीज काढली तर, या हिशेबाने छापलेला असतो (त्यापुढे 'सी 20' लिहिलेलं असतं ते त्यासाठीच). भराभर वीज काढली की ती कमी देते. शिवाय ती रोज तळापर्यंत रिकामी करणं तिच्या तब्येतीला चांगलं नाही. माझ्या मते घरगुती हिशेबात 1800 पैकी 1150 च धरावेत. 1150 भागिले 353, म्हणजे सव्वातीन तास. दुकानात 'सहा-सात तास निघतात' असं सांगतील. तेव्हा किती वॅटवर, हे विचारा.

पंखे: इथेच खरी बचत आहे

वरच्या यादीत 353 पैकी 225 वॅट एकट्या पंख्यांचे आहेत. बॅकअप वाढवायचा तर लोक बॅटरी वाढवतात. मी म्हणेन, पंखे बदला.

बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटर असलेला) पंखा तेवढ्याच वाऱ्याला 28 ते 35 वॅट घेतो. 30 धरू. तीन पंखे झाले 90 वॅट आणि सगळं घर 353 वरून 218 वर आलं. त्याच 150 एएचच्या बॅटरीवर आता सव्वापाच तास. रात्रीचा हिशेब तर अजून बोलका आहे. टीव्ही बंद, तीन पंखे, एक बल्ब आणि राउटर चालू: साध्या पंख्यांवर 246 वॅट, म्हणजे पावणेपाच तास. बीएलडीसीवर 111 वॅट, म्हणजे दहा तास. मे महिन्यात मध्यरात्री वीज गेली तर पहाटे चारला घामाघूम होऊन उठायचं की सकाळपर्यंत झोपायचं, एवढा हा फरक.

आता हेच उलटं करा. बीएलडीसी पंख्यांसोबत 150 ऐवजी 100 एएचची बॅटरी घेतली तर त्याच प्रमाणात जवळपास 770 वॅट-अवर हाती येतात. 218 वॅटवर साडेतीन तास. म्हणजे छोटी बॅटरी आणि चांगले पंखे ही जोडी मोठी बॅटरी आणि जुने पंखे या जोडीच्या पुढेच जाते. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावीच लागते, पंखा मात्र टिकतो आणि वीज असतानाही पैसे वाचवतो. तीन पंखे पूर्ण वेगाने रोज 12 तास चालत असतील तर महिन्याला 48 युनिटच्या आसपास फरक पडतो.

साधा पंखा दीड-दोन हजारांत येतो, बीएलडीसी अडीच ते साडेतीन हजारांत. पंखा निवडताना कंपनीच्या जाहिरातीपेक्षा खोक्यावरचे वॅट वाचा. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल सक्तीचं झालं आहे, आणि पाच स्टारचे पंखे बहुतेक बीएलडीसीच असतात. वॅटबरोबर हवाही बघा. ती 'एअर डिलिव्हरी' या नावाने छापलेली असते. वॅट कमी आणि हवाही कमी, असा पंखा काय कामाचा?

बसवताना एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवा: भिंतीवरचा जुना फिरवायचा रेग्युलेटर बायपास करायचा आहे. तो मध्ये राहिला तर बीएलडीसी पंखा अडखळतो, आतलं सर्किटही खराब होऊ शकतं. वेग रिमोटने बदलतो. रिमोट सोफ्याखाली जातो ही तक्रार घरोघरी आहे, त्यामुळे ज्येष्ठांच्या खोलीत भिंतीवर रिमोटचा छोटा स्टँड ठोकून घ्या. साध्या बटणाने वेग बदलणारी मॉडेलंही मिळतात, ती त्यांना जास्त सोयीची.

सगळे पंखे एकदम बदलणं परवडत नसेल तर रात्री जे चालतात तेच आधी. हॉलचा पंखा पुढच्या वर्षी.

इन्व्हर्टर: दोनच गोष्टी पाहायच्या

इन्व्हर्टर एका वेळी किती भार उचलेल ते व्हीएत लिहिलेलं असतं. किती वेळ उचलेल ते बॅटरी ठरवते. व्हीएला 0.8 ने गुणलं की साधारण वॅट मिळतात. 900 व्हीएचा म्हणजे 720 वॅट, आणि त्याच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भार कायम टाकू नये. आपलं घर 218 किंवा अगदी 353 वॅटचं असेल तर 900 व्हीए भरपूर. त्याहून फार मोठा घेतलात तर पुष्कळदा एकाऐवजी दोन बॅटऱ्या लागतात, हे विक्रेता बिल करताना सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यावर साधे पंखे घरघर करतात, तापतात, आणि कॉम्प्युटरसारख्या नाजूक उपकरणांनाही तो चांगला नाही. 'प्युअर साइन वेव्ह' असं लिहिलेलाच घ्या. उरलेली फीचर्स, मोबाइल अ‍ॅप, रंगीत डिस्प्ले, ही हौस. मिनिटांत उरलेला बॅकअप दाखवणारा डिस्प्ले मात्र रोज उपयोगी पडतो.

बॅटरी: ट्यूब्युलर की लिथियम?

लेड-अ‍ॅसिडमध्ये घ्यायची तर उंच ट्यूब्युलर (आतल्या प्लेटा नळ्यांच्या असतात ती). फ्लॅट प्लेटची स्वस्त असते, पण ज्या गावात रोज वीज जाते तिथे ती लवकर मान टाकते. ट्यूब्युलरला जागा लागते, वजन लागतं, पाणी घालावं लागतं. पण ती दांडगी असते, कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते, दुरुस्तीची माणसं माहितीची असतात आणि जुनी परत देताना पैसेही मिळतात.

लिथियमची, म्हणजे घरगुती वापरातल्या लिथियम आयर्न फॉस्फेटची, गोष्ट वेगळी. 12.8 व्होल्टची 100 एएच बॅटरी 1280 वॅट-अवरची असते आणि त्यातले हजारेक सहज हाती येतात, कारण ती जवळपास रिकामी होईपर्यंत वापरली तरी चालते. म्हणजे ती 150 एएच ट्यूब्युलरच्या जवळ जाते, आणि वजन मात्र बारा-पंधरा किलो. पाण्याची भानगड नाही, अ‍ॅसिडची वाफ नाही. किंमत दुपटीच्या आसपास किंवा जास्त.

पैशांपेक्षा महत्त्वाचा मुद्दा चार्जिंगचा आहे, आणि तो दुकानात क्वचितच निघतो. 150 एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. जिथे सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास वीज जाते, तिथे ती कधी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट साचतं आणि दोन वर्षांत 'बॅटरी उतरली' अशी तक्रार सुरू होते. अशा ठिकाणी 150 ची 200 एएच करणं म्हणजे दुखणं वाढवणंच. लिथियम योग्य चार्जरवर तीन-पाच तासांत भरते, म्हणून दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात ती परवडू शकते. छोट्या फ्लॅटमध्येही, जिथे बॅटरीला बाल्कनी नाही, तिथे मी लिथियमच सुचवेन. बाकी ठिकाणी अजून तरी ट्यूब्युलर.

घरात जुना इन्व्हर्टर आहे आणि फक्त बॅटरी लिथियम करायची आहे, असं असेल तर थांबा. जुन्या इन्व्हर्टरचा चार्जर लेड-अ‍ॅसिडच्या हिशेबाने व्होल्टेज देतो. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात लिथियमची सेटिंग लिहिलेली नसेल तर जोडी एकत्रच बदलावी लागेल.

दुकानात काय तपासाल

बॅटरीच्या अंगावरची उत्पादनाची तारीख. गोदामात सहा-आठ महिने पडून राहिलेली बॅटरी नवी कोरी दिसली तरी तिचं आयुष्य आधीच खर्च होत असतं. तीन महिन्यांच्या आतली मागा, क्रमांकाचा फोटो काढा. तोच क्रमांक बिलावर आणि वॉरंटी कार्डावर हवा.

वॉरंटी '60 महिने' म्हणजे बहुधा 36 अधिक 24. पहिल्या 36 महिन्यांत बिघडली तर नवी फुकट. नंतरच्या 24 मध्ये नव्या बॅटरीच्या किमतीवर फक्त सूट. दोन कंपन्यांची तुलना करताना पहिलाच आकडा बघा. आणि जुनी बॅटरी असेल तर तिचं वजन करून एक्सचेंज भाव लेखी घ्या. ती भंगारवाल्याकडे देऊ नका. बॅटरीतला कचरा कुणी परत घ्यायचा याचे नियम 2022 पासून आहेत आणि विक्रेत्याकडून ती परत जाते. भंगारात गेलेल्या बॅटरीचं अ‍ॅसिड शेवटी कुठल्यातरी गटारात ओततात.

जागा आणि वायरिंग

लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तो पेट घेतो. म्हणून बंद कपाट नको, झोपायची खोली नको. जिन्याखालच्या कोपऱ्यात देवघर आणि त्याच्याच खाली बॅटरी अशी रचना मी अनेक घरांत पाहिली आहे. वर निरांजन आणि खाली हायड्रोजन. जागा बदला. हवेशीर बाल्कनी किंवा पॅसेज चांगला, पण दुपारचं ऊन थेट पडायला नको. जिथे पावसात पाणी घरात येतं तिथे ट्रॉली जमिनीवर न ठेवता विटांच्या ओट्यावर.

इन्व्हर्टरसाठी वेगळी लाइन ओढून घ्या, तिचा न्यूट्रलही वेगळा. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असेल आणि न्यूट्रल एकमेकांत मिसळले, तर वीज आली की तो खटकन पडतो आणि कारण सापडत नाही. इन्व्हर्टरचा स्वतःचा प्लग 16 अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटला, अर्थिंग तपासून. काही ठिकाणी वायरिंगचा खर्च वाचवायला दोन्ही टोकांना पिन असलेली वायर भिंतीच्या सॉकेटला लावून घरभर वीज 'उलटी' सोडतात. ते कधीही करू देऊ नका. मोकळ्या पिनेला हात लागला की शॉक बसतोच, आणि मेन स्विच चालू राहिला तर ती वीज बाहेरच्या लाइनवर जाते, जिथे महावितरणचा वायरमन खांबावर असतो.

पहिला दिवस आणि नंतर

बसवून झालं की इलेक्ट्रिशियन घरात असतानाच मेन एमसीबी (मुख्य स्विच) खाली पाडा. यादीतली प्रत्येक वस्तू चालू करा. जे चालायला नको, म्हणजे गिझर आणि फ्रिजचं सॉकेट, ते खरंच बंद आहे का तेही बघा.

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं: यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. यूपीएस मोडमध्ये वीज गेली तरी कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण व्होल्टेज जरा उतरलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. गावाकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज 170 वर येतं, आणि वीज असूनही तुमची बॅटरी रिकामी होत राहते. 'बॅटरी खराब निघाली' अशा कितीतरी तक्रारी या एका बटणाने मिटतात. कॉम्प्युटर नसेल, किंवा फक्त लॅपटॉप असेल, तर नॉर्मल मोडच ठेवा.

ट्यूब्युलरला डिस्टिल्ड वॉटर, आणि तेच. आरओचं नाही, पावसाचं नाही, 'जरा अ‍ॅसिड घालून देतो' म्हणणाऱ्याचं तर मुळीच नाही. तरंगत्या दांड्यावरची खूण खाली गेली की भरा. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी, एरवी तीन-चार महिन्यांनी. वरच्या खुणेपलीकडे भरलं तर चार्ज होताना उतू जातं आणि टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. ती आली तर इन्व्हर्टर बंद करून गरम पाण्याने पुसा, कोरडं करून व्हॅसलिन लावा. वीज फारशी जात नसेल तर महिन्यातून एकदा मुद्दाम तासभर बॅटरीवर घर चालवा.

छतावर सोलर आहे, मग इन्व्हर्टर कशाला?

पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यापासून हा प्रश्न फार येतो. अनुदानातून बसतात त्या बहुतेक यंत्रणा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेल्या, असतात, आणि महावितरणची वीज गेली की त्या भर दुपारीही बंद पडतात. खांबावर काम करणाऱ्याला तुमच्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं असतं. वीज नसतानाही सोलर चालावं असं वाटत असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि तो खर्च वेगळा धरावा लागतो.

कोकणात राहणाऱ्यांसाठी एवढंच वेगळं सांगेन. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तेवढ्या काळाला कुठलीही घरगुती बॅटरी पुरत नाही. तिथे एखादं छोटं सोलर पॅनेल, त्यावर चार्ज होणारे दोन दिवे आणि मोबाइल चार्ज होण्याची सोय, हे मेच्या शेवटी तयार असावं.